पोटखराब्याचे कब्जेदार

दिवस पहिला

नोकरीतली एकतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. भूमापक म्हणून कोल्हापूर, सिंधुदुर्ग, पुन्हा कोल्हापूर अशा बदल्या होत गेल्या. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळावर मोजणी निघाली की आम्ही मनातून खूश असायचो. नजर अडवायला झाड नाही, बांधावरून भांडायला शेजारी नाही, आणि शेवटी लिहायचं ठरलेलं: पोटखराबा, वर्ग अ. लागवडीला अयोग्य. एका दिवसात काम उरकून खाली हॉटेलात मिसळ खायला मोकळे. असे किती हेक्टर मी पोटखराब्यात टाकले असतील, त्याचा हिशेब ठेवलेला नाही.

म्हणून भाचीचा फोन आला तेव्हा हसूच आलं. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. "मामा, मान्सून कारवारला पोचलाय. दोन दिवसांत आंबोलीत येईल. तुझा जुना टेप घे, टिपणवही घे आणि चल. मला डबकी मोजायचीत."

"डबकी?"

"सड्यावरची. त्यात एक बेडूक अंडी घालतो. आंबोली सोडून जगात कुठेच मिळत नाही."

जगात कुठेच नाही हे ऐकल्यावर मी जरा सरसावून बसलो. आंबोलीत मी मोजणीला तीनदा जाऊन आलो होतो. असला काही कब्जेदार आपल्या नजरेस पडला नव्हता.

सकाळी कोल्हापूरहून सावंतवाडीकडे जाणारी एसटी धरली. निपाणी, उत्तूर, आजरा. आजऱ्यापर्यंत कोरडं ऊन आणि ऊस, आजरा सोडल्यावर हवा हळूहळू ओली होत जाते, खिडकीची काच आतून धुरकट होते, आणि मग एकदम झाडं अंगावर येतात. हा रस्ता जुना. वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल बेळगावकडे न्यायला इंग्रजांनी घाट काढला, त्या वाटेवरचा मुक्काम म्हणून आंबोली वाढली. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आत-बाहेर उंची, आणि वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस. कोल्हापूर शहरात त्याच्या पाचवा हिस्सासुद्धा धड पडत नाही.

मुक्काम एका घरी होता. काकी दारातच उभ्या होत्या. सामान बघून म्हणाल्या, "बेडूक बघूक इलास? गेल्या वर्षी पण चार जण इल्ले. रात्रभर भायर, सकाळी चिखल सगळो माझ्या पडवीत." मी गुपचूप बूट बाहेर काढले.

जेवणात तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सुका बांगडा. पाऊस नव्हता. ढग होते, उकडत होतं, बेडकांचा आवाजही तुरळक. तरी भाची रात्री नऊला निघालीच. निघण्याआधी तिने एका फवाऱ्याने दोघांच्या गमबुटांवर ब्लीचचं पाणी मारलं आणि मग साध्या पाण्याने धुवायला लावलं. बेडकांना होणारी एक बुरशी आहे, कायट्रिड. तिने जगभर बेडकांच्या कित्येक जाती साफ केल्या आहेत, आणि पश्चिम घाटातही ती नोंदली गेली आहे. एका डबक्यातून दुसऱ्यात ती आपल्याच बुटावरून जाऊ शकते. मी हाताला डासांचं मलम चोळत होतो, तेही तिने पुसायला लावलं. बेडूक कातडीतून पाणी घेतो आणि श्वासही घेतो, आपण जे हाताला लावतो ते त्याच्या अंगात जातं. "तसा तू हात लावणार नाहीयेस कुणाला, पण डबक्यात टेप बुडवशील."

त्या रात्री सड्यावर काही नव्हतं. कातळ दिवसभर तापून अजून कोमट होता. परतताना रस्त्याकडेच्या झुडपात मात्र एक मलबारी चापडा दिसला, हिरवट, फांदीला वेटोळं घालून, डोकं खाली लोंबतं, वाटेवरून काय जातंय त्याची वाट बघत. आम्ही दोन हात लांबून बघितला. आणि झाडांच्या ओळीतून टिक-टिक-टिक असा आवाज येत होता, तो आंबोलीचा झुडपी बेडूक, हे भाचीने सांगितलं. त्याचं शास्त्रीय नावच या गावावरून आहे. दिसला काही नाही, पण घड्याळजीच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं.

दिवस दुसरा

पोहे खाऊन सड्यावर. कुठला सडा ते इथे लिहीत नाही. एकदा जागा फुटली की पहिल्या पावसात दगड उलटेपालटे करून बघणारे हौशे कॅमेरेवाले तिथे जत्रा भरवतात. उलटलेला दगड परत जागेवर कुणी ठेवत नाही, आणि त्या दगडाखालचा गारवा हे दिवसा कुणाचं तरी घर असतं.

जांभा मला नवा नाही. मूळचा हा काळा बेसाल्ट. लाखो वर्षं ऊन-पावसाने त्यातलं बाकीचं धुऊन नेलं आणि लोखंड, अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तो तांबडा आणि सच्छिद्र. जमिनीत असतो तोवर मऊ, चिरे कापून काढता येतात. एकदा वारा लागला की असा कडक होतो की हद्दीची खुंटी मारायला गेलं तर घण उसळून येतो. आमच्या एका साखळीवाल्याचा अंगठा असाच फुटला होता. कोकणातली निम्मी घरं या चिऱ्यांची. पण सड्याचा वरचा थर कधी सपाट नसतो, हे मी इतक्या वर्षांत वहीत लिहिलंच नव्हतं, कारण लिहायला तो रकानाच नव्हता. त्यावर खळगे, भेगा, पन्हाळी, वाडग्यासारखी भोकं. कुणी तरी तांबड्या मातीत बोटं खुपसून ठेवल्यासारखी.

वळवाच्या सरींनी त्यातले काही खळगे भरले होते. भाचीने मला तीन प्रकार दाखवले. एक, गुडघाभर खोल कोंडी, ज्यात पाणी महिनोन्‌महिने राहतं. दोन, परातीएवढी. तीन, ताटलीएवढी, बशीएवढी, कधी नुसती ओली चकती. मला साहजिकच पहिल्या प्रकारात रस. बेडूक म्हटला की पाणी भरपूर हवं ना.

"नको ना मामा. त्यात बघ काय काय आहे."

मी वाकून बघितलं. पाण्यावर धावणारे किडे. तळाशी चतुराच्या अळ्या, जबडा लपवून बसलेल्या. कपारीत एक खेकडा, नांगी पुढे. बेडकाचं पोर इथे दोन दिवसही टिकायचं नाही. बशीएवढ्या डबक्यात मात्र यातलं कुणी नसतं, कारण ते डबकं आठवडाभर राहील याचीच खात्री नाही. मग आमच्या बेडकाने हिशेब काय केला असेल? शत्रू नको, त्यापेक्षा दुष्काळाचा धोका परवडला. कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेब.

तर आम्ही बशी-ताटल्या मोजायला बसलो. मी वहीत फाळणी काढतो तसं टिपण काढलं. उत्तर दिशा, एक ठळक खडक हे स्थिर ठिकाण, त्यापासून अंतरं. प्रत्येक डबक्याला नंबर. भाची म्हणाली, "गट नंबर दे की." मग गट नंबर 1 ते 11 झाले. गट नंबर 4 लांबी 34 सेंटिमीटर, रुंदी 22, सर्वांत खोल जागी दीड सेंटिमीटर. गट नंबर 9 त्याहून लहान, पण एका पन्हाळीच्या तोंडाशी. मी तिला सांगितलं, हे नवव्याचं ठिकाण मला पसंत नाही, वरून पाणी आलं की सगळं वाहून जाईल. ती म्हणाली, लिहून ठेव. आयुष्यभर एक गुंठा इकडे-तिकडे झाला म्हणून लोक कोर्टात गेलेले बघितले, आणि आता मिलिमीटरला मान डोलावत बसलो होतो. गुडघे दुखत होते, हेही नमूद करतो.

कामाच्या मधे तिने बेडकाची जन्मकहाणी सांगितली. हा खरा भेक, म्हणजे कोरड्या, खरखरीत कातडीचा. 2009 साली एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. त्यासाठी नवा वंश केला, झँथोफ्रायने. ग्रीकमध्ये झँथोस म्हणजे पिवळा आणि फ्रायने म्हणजे भेक. या वंशात दोघेच. एक हा आमचा, टायगेरिना, वाघासारख्या पिवळ्या पट्ट्यांमुळे. दुसरा त्याचा थोरला भाऊ म्हणावा असा कोयनेचा, ज्याची नोंद सोमण यांनी 1963 मध्येच केली होती, पण तेव्हा तो साध्या भेकांच्या वंशात गणला जायचा. दोघेही सह्याद्रीतले, दोघांनाही हाच कातळ लागतो. आंबोलीचा भेक धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त या शेवटच्या पायरीवर आहे. त्या पायरीखाली फक्त जंगलातून नाहीसं होणं उरतं.

"म्हणजे," मी म्हणालो, "2009 च्या आधी मी इथे मोजणी केली, तेव्हा हे महाशय इथे होतेच, फक्त नोंद झाली नव्हती."

"वहिवाट होती मामा. फेरफार नव्हता."

पोरगी माझ्याच भाषेत मला बोलते.

दुपारी चारला आभाळ फुटलं. मी कोकणात पाऊस बघितला आहे, पण आंबोलीचा पाऊस वरून पडत नाही, चहूबाजूंनी येतो. कोसळतो, थांबतो, धुकं येतं, धुक्यातून परत कोसळतो. काकींनी कुळथाची पिठी आणि भात वाढता वाढता विचारलं, "आज तरी गावतलो?" भाची म्हणाली, आज नक्की.

साडेआठला आम्ही सड्यावर होतो. अंगावर प्लास्टिकची खोळ, टॉर्चवर लाल कागद. सड्यावर पाय टाकला आणि पहिल्यांदा आवाजाने अडवलं. दिवसा मुका असलेला कातळ उठून बसला होता. कुठून तरी बैलगाडीच्या चाकासारखं करकरणं, कुठून टाळ्या, कुठून टिक-टिक, त्यावर पावसाचा पत्रा. त्या गदारोळात आमच्या भेकाचा आवाज कुठला, ते मला काही वेगळं काढता आलं नाही. भाची मात्र थांबून, मान तिरकी करून ऐकत होती, आईसारखीच.

"पाय जागेवर ठेव," ती म्हणाली. "हलू नको. खाली बघ."

माझ्या उजव्या बुटापासून वीतभर अंतरावर तो होता.

आकार सांगायचा तर अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा. जेमतेम तीन सेंटिमीटर. कातळाच्याच तपकिरी रंगाचा, पाठ खडबडीत, मिठाचे खडे चिकटल्यासारखे बारीक फोड. बसून राहिला असता तर जन्मात दिसला नसता. पण तो वळला आणि कुशीवरचे पिवळे पट्टे लाल उजेडातही फिकट चमकले, वेडेवाकडे, तुटक, कुणी घाईत हळदीचं बोट ओढल्यासारखे. घसा लपकत होता. तो उड्या मारत नव्हता, चालत होता. चार पायांनी, एकेक पाय उचलून, कातळाच्या उंचवट्यावरून खाली, आणि थेट गट नंबर 4 मध्ये. पाणी त्याच्या पोटाच्या वर आलं नाही.

मग नजर बसली आणि एकेक दिसायला लागले. दोन गट नंबर 4 च्या काठावर. एक 6 मध्ये. तीन-चार मधल्या कातळावर, जिथे मी दिवसा गुडघे टेकून बसलो होतो. मी ज्या वाटेने आलो ती वाट मनात उलगडून बघितली आणि पोटात गोळा आला. परतताना प्रत्येक पाऊल टॉर्च टाकून, आधी बघून, मग टेकवून. शंभर पावलांना आम्हाला वीस मिनिटं लागली असतील.

दहाच्या सुमारास 4 मध्ये मादी आली. नरापेक्षा थोराड, पोट फुगलेलं. एक नर लगेच तिच्या पाठीवर, काखेत पुढचे हात घट्ट. तेवढ्यात दुसरा आला, तोही चढायला. पहिल्याने मागच्या पायाने लाथ मारली, दुसरा घसरला, परत आला. तीन जीव दीड सेंटिमीटर पाण्यात, त्यात पाऊस एवढा की थेंब पडला की मादीचं डोकं हलायचं. ती मात्र दोघांना घेऊन सावकाश डबक्याच्या एका कडेला सरकली, जिथे तळ जरासा खोल होता. ती कड आम्ही सकाळी मोजली होती. माझ्या टिपणात तिथे खूण होती. तिने टिपण न बघता तीच जागा निवडली.

भाचीचा कॅमेरा वाफेने बंद पडला. तिला हळहळ, मला बरं वाटलं. त्यानंतर आम्ही दोघं नुसते बसून होतो, पाठीवरून पाऊस वाहत होता. अंडी घालताना बघायला मिळाली नाहीत. अकराला धुकं इतकं दाट झालं की स्वतःचा हात दिसेना, आणि अशा वेळी सड्यावर चालणं म्हणजे कुणाला तरी चिरडणं. परत फिरलो.

शनिवार होता. डांबरी रस्त्यावर गाड्यांची रांग, धबधब्याकडे निघालेली, गाणी लावलेली. ओल्या रस्त्यावर बेडूक येतात, दिवसभराची ऊब डांबरात असते म्हणून असेल. घरापर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये तीन चपटे झालेले मोजले. त्यातला एक कुशीवर पिवळा होता. भाचीने बॅटरी लावून त्याचा फोटो काढला, टेपची पट्टी शेजारी ठेवून, ठिकाण लिहिलं. दोघंही काही बोललो नाही.

दिवस तिसरा

सकाळी सहाला सड्यावर. पाऊस उघडलेला, धुकं. गट नंबर 4 मध्ये अंडी.

साध्या भेकांची अंडी मी लहानपणी विहिरीत बघितली आहेत. ती माळेत असतात, काळ्या मण्यांची दोरी पाण्यात गुंडाळल्यासारखी. इथे माळ नव्हती. डबक्याच्या तळाला कातळावर सुटी अंडी, एकाच थरात, पसरलेली. प्रत्येक पारदर्शक गोळी आणि आत मोहरीएवढा काळा ठिपका. मोहरी फोडणीत टाकण्याआधी तळहातावर घ्यावी तशी. मी मोजली. पहिल्यांदा एकतीस, दुसऱ्यांदा तेहतीस. भाचीने बत्तीस लिहिलं, तडजोड म्हणून. तलावात हजारोंनी अंडी घालणारे भेक असतात, हा तीस-बत्तिसांवर थांबतो. ताटलीत तेवढ्यांनाच खायला मिळणार, तर जास्त घालून करायचं काय.

गट नंबर 9 मध्येही होती. पन्हाळीच्या तोंडाशी. मी भाचीकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यांच्या घरात बोलायचं नाही हे आमच्या आईने दोघांनाही शिकवलं आहे.

सकाळच्या ढगाळ उजेडात दोन नर अजून डबक्याशी होते, आणि आता रंग नीट दिसले. पिवळा म्हणजे हळदीचा नाही, पिकल्या काजूच्या बोंडासारखा, कडेला नारिंगी. डोळ्यातली बाहुली आडवी. एकाच्या नाकावर एक मुंगी चढली. त्याने जीभ बाहेर काढली आणि मुंगी नव्हती. मधली क्रिया मला दिसली नाही, आणि मी अगदी तिथेच बघत होतो.

नऊला घरी येऊन घावणे आणि चहा. त्यानंतर ऊन पडलं.

आंबोलीत जूनमध्ये ऊन पडलं की लोक कपडे वाळत घालतात. काकींनी तसे घातलेही. मी मात्र दर अर्ध्या तासाने दारात येऊन आभाळ बघत होतो. अकराला राहवलं नाही. सड्यावर गेलो तर कातळ वाफ सोडत होता. बशीएवढ्या गट नंबर 2 आणि 7 मध्ये नुसता ओलावा उरला होता. 4 मध्ये कडेचं पाणी आत आलं होतं. टेप लावला. दीड सेंटिमीटरचं नऊ मिलिमीटर. दीड वाजता पुन्हा लावला. पाच. कडेची चार-पाच अंडी आता पाण्यात नव्हती, ओल्या कातळावर होती, आणि त्यांच्यावरची गोळी मऊ पडत चालली होती.

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. अर्धी भरलेली, काकींच्या नळाची. झाकण मी उघडलं होतं.

"मामा."

"अगं, एवढंसं तर."

"त्यात काय आहे ते तुला माहीत आहे? क्लोरीन आहे का? घरचं पाणी आहे."

"मग कोंडीतलं घालू."

"कोंडीत चतुरांची अंडी आहेत. हे डबकं वाळतं म्हणूनच इथे ती नाहीत. काल तूच म्हणालास ना, कोरडवाहूचा हिशेब म्हणून."

मी म्हणालो, ते बोलायला म्हणून म्हणालो होतो. ती हसली नाही. झाकण लावलं. त्यानंतरचा एक तास मी त्या डबक्याशेजारी बसलो होतो, आणि माझी सावली त्यावर पडेल अशा बेताने बसलो होतो. तिने ते बघितलं. सावलीबद्दल ती काही बोलली नाही. बहुधा वहीत तेही लिहिलं असेल.

बसल्या बसल्या हिशेब करत होतो. अंड्यातून पोर निघायला काही दिवस, पोराला पाय फुटून शेपूट झडायला काही आठवडे. तेवढे दिवस या ताटलीत पाणी हवं, मधे उघडीप लांबली तर संपलं. उलट पाऊस फार झाला तर वाहून जाणार. म्हणून मादी एका डबक्यावर भरवसा ठेवत नसावी, आणि म्हणूनच सड्यावर एक-दोन नव्हे, शेकडो खळगे असावे लागतात. एकाने दगा दिला तर दुसरा. आम्ही कातळ सपाट केला, त्यावर माती ओढून काजू लावला, चिरेखाण काढली, गाड्या लावायला जागा केली, तर एखादं डबकं जात नाही, हा सगळा जुगारच जातो. सातबाऱ्यावर यातलं काही दिसत नाही. तिथे आधीही पोटखराबा होता, नंतर बिनशेती होतो आणि किंमत वाढते. मालकाला मी दोष देणार नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि सांगायचं काम होतं ते माझ्यासारख्यांनी टेप गुंडाळून मिसळ खायला जाण्यात घालवलं.

संध्याकाळी हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेल्या देवळात गेलो. तिथल्या कुंडात पूर्वी एक छोटा मासा सापडला होता, 2020 मध्ये त्याला नदीचंच नाव मिळालं, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. देवाचं पाणी म्हणून तिथे जाळं कुणी टाकलं नव्हतं, म्हणून मासा राहिला. सड्यावर देऊळ नाही. असतं तर बरं झालं असतं, हा विचार माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदाच आला.

रात्री पाऊस नाही. भाची देवगांडूळ शोधायला ओढ्याकडे गेली. बिनपायाचा, गांडुळासारखा दिसणारा, पण बेडकांचाच नातलग. मी गेलो नाही, गुडघ्यांना तेल चोळत बसलो. तिला सापडलं नाही, त्याऐवजी दोन जळवा घेऊन आली.

दिवस चौथा

भाची आठवडाभर राहणार होती, मला परतायचं होतं. बस साडेनऊची. सहाला सड्यावर शेवटची फेरी.

रात्री दव पडलं होतं, तेवढंच. गट नंबर 4 मध्ये तीन मिलिमीटर पाणी, तेही फक्त त्या खोल कडेला, ज्या कडेला मादी सरकली होती. अंडी तिथेच होती, म्हणजे बरीचशी. काठावरची सुकून कातळाला चिकटली होती, खपलीसारखी. पाण्यातल्यांमधला काळा ठिपका आता गोल राहिला नव्हता, थोडा लांबट झाला होता, स्वल्पविरामासारखा. भिंगातून बघितलं तर एक स्वल्पविराम हलला.

बसपर्यंत काकी सोडायला आल्या, हातात कोकमाची पुडी. "गावलो ना तुमका?" म्हटलं, गावला. "मग पुढच्या वर्षी येवा. चिखल काढतलंय मी." पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. बस निघाली आणि आजऱ्याच्या अलीकडे समोरच्या काचेवर थडथड सुरू झाली. वायपर एकच चालत होता. कंडक्टर म्हणाला, वर घाटात तर ढगफुटीच आहे म्हणतात.

आजरा स्टँडवर बस दहा मिनिटं थांबते. घनसाळ तांदळाची वासाची पाकिटं घेऊन एक बाई खिडकीखाली फिरत होती. मी दोन किलो घेतला आणि फोन लावला. तिसऱ्यांदा लागला, पलीकडून निम्मा पाऊस आणि निम्मी भाची ऐकू येत होती.

"चार भरलाय मामा. काठोकाठ. अंडी आहेत."

"आणि नऊ?"

"गेला. सगळा. तू म्हणाला होतास तसाच." मग वाऱ्यात काही शब्द उडाले, आणि पुढचं नीट आलं. "आणि तुझा टेप इथेच राहिलाय. मी वापरते."

म्हटलं, वापर.